नावेवरचा पायखाना

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी ‘पायखाना’ हा शब्द उच्चारला तेव्हा तिघांनी माना खाली घातल्या आणि चौथ्यानं उठून खिडकी लावून घेतली. जणू काही वास आलाच! समाजसुधारणेवर तासभर न थांबता बोलू शकणारी ही माणसं. शेवटी अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, “आज नावेवर पायखाना, उद्या काय, बैलगाडीवर हमामखाना?” सगळे मनापासून हसले. मी हसलो नाही. आठ दिवसांत नावेवर पायखाना बसवून दाखवतो, असं सांगून उठलो. कसा बसवायचा हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

ही दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. पूर ओसरला की पैठणच्या खालची गोदाकाठची गावं चिखलानं तुटतात. बैलगाडी जात नाही, सरकारी दवाखाना जात नाही, पटकी मात्र बरोबर पोचते. म्हणून आम्ही औरंगाबादेतल्या पोरांनी खटपट करून एक लहान नाव मिळवली. तिच्यावर औषधांची पेटी, एक म्हातारा नावाडी, पत्रकं वाटायला मी आणि पटकीची सुई टोचायला एक नर्स. शहरात तिला सगळे आपा म्हणत, म्हणून मीही आपाच म्हणे.

आपाबरोबरची पहिली खेप एका दिवसाची झाली. संध्याकाळी आपा नावेतून उतरली तेव्हा तिला सरळ उभं राहवत नव्हतं. मला वाटलं, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी विचारपूस करायला गेलो, तेव्हा पडद्याआडून उत्तर आलं.

“भाई, पहाटेपासून मी पाण्याचा घोट घेतला नाही. का नाही, सांगू?”

“सांगा.”

“तुम्ही मर्द लोक काठाला उतरता, झुडपामागं जाता. मी कुठं जाऊ? काठावर सगळा गाव नाव बघायला उभा. आता तुम्ही तीन दिवसांची खेप काढताय. पायखाना नसेल तर मी नक्को. माझ्या आधीची बाई का सोडून गेली, ते तरी विचारलं का कोणी?”

कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. स्वच्छतेवर माझी दोन पत्रकं छापून झाली होती आणि दोन्हींत बायका नैसर्गिक विधीला कुठं जातात याबद्दल एक ओळ नव्हती. मला माझीच चीड आली, आणि माझा स्वभाव असा की चीड आली की मी कामाला लागतो. आपा नसली तर नाव न्यायचीच कशाला? पुरुषाच्या हातून दंडावर सुई टोचून घ्यायला त्या गावांतली एकही बाई पुढं येणार नव्हती.

सगळ्यात सोपा मार्ग मला लगेच सुचला. नावेच्या मागच्या बाजूला फळी काढायची, भोक ठेवायचं, पत्र्याची नळी खाली सोडायची. वाहती नदी, प्रश्न मिटला. पैठणच्या घाटावर जाऊन मी नावाड्याला हे समजावलं. मामा म्हणायचो मी त्याला. तो नावेला तेल लावत होता. हात न थांबवता त्यानं ऐकून घेतलं.

“नावंला भोक पाडायला निघालेला पहिलाच शहाणा बघतोय,” तो म्हणाला.

“पाण्याच्या वर असेल, मामा. नाव बुडणार नाही.”

“नाव नाय बुडायची. पर खाली घागरी भरत्यात त्या बायांचं काय? तूच ना घाटावर उभा राहून वाचून दाखवलंस, नदीतली घाण शेजाऱ्याच्या घागरीत जाती म्हणून? का ते निसतं वाचायला व्हतं?”

मग त्यानं सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या नावेतून नदीत लघवीसुद्धा कोणी करत नाही. कितीही घाई असो, नाव काठाला लावायची, तांब्या घ्यायचा आणि पाणी दिसेनासं होईपर्यंत आत चालत जायचं. नावेवर पाय ठेवताना चपलाही काढायच्या. माझं पत्रक छापायच्या आधीपासून ही माणसं ते पाळत होती. मीच त्यांना शिकवायला गेलो होतो!

दुसरा मार्ग दवाखान्यातल्या कमोडचा. लाकडी खुर्ची, आत चिनी मातीचं भांडं, वर झाकण. पण नाव डुलली की भांडं हिंदकळणार, हे मला न बसताच कळलं. शिवाय ते रिकामं कोण करणार? अध्यक्ष म्हणाले, पैठणहून एखादा मेहतर बरोबर घ्या. माझं दुसरं पत्रक नेमकं याच्याविरुद्ध होतं. एका माणसाचा मैला दुसऱ्यानं डोक्यावर वाहायचा, ही रीत मोडली पाहिजे, असं मी ठळक टायपात छापलं होतं. आता तीच रीत नावेवर चढवू? मी सरळ नाही म्हटलं.

राहिली राखेची पेटी. एका आरोग्याच्या पुस्तकात मी तिचं चित्र पाहिलं होतं. बसायची फळी, खाली पत्र्याची पेटी, प्रत्येक वेळी वरून कोरडी राख टाकायची. वास नाही, माशी नाही, आणि काठावर खड्डा करून पुरलं की झालं. शहागंजातल्या पत्रेवाल्याकडून मी दोन दिवसांत पेटी करून घेतली. झाकण घट्ट, दोन्ही बाजूंना कड्या. इतकी देखणी झाली की पत्रेवाल्यानं दोनदा विचारलं, हिच्यात पीठ ठेवणार का तांदूळ. मी खरं सांगितलं. त्यानंतर त्यानं ती माझ्या हातात दिली नाही, पायानं पुढं सरकवली.

पेटी घेऊन मी आपाच्या अंगणात गेलो. राख भरली, फळी ठेवली आणि पुस्तकात होतं तसं सगळं व्याख्यान दिलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग आत गेली, भरलेला बधना घेऊन आली आणि तोटीतून सगळं पाणी पेटीत ओतलं. राखेचा चिखल झाला. वर करडे बुडबुडे आले.

“ही एका माणसाची एक खेप,” ती म्हणाली. “तीन दिवसांत काय होईल?”

पुस्तक लिहिणारा साहेब कागदानं पुसत असणार! आमच्याकडं हिंदू असो वा मुसलमान, तांब्या नाहीतर बधना घेतल्याशिवाय कोण जातं? मी स्वतः रोज सकाळी तांब्या घेऊन जातो, आणि तरी पुस्तकातलं चित्र बघताना मला पाण्याची आठवण झाली नाही. छापलेलं दिसलं की आमचं डोकं बंद पडतं, हा आम्हा पत्रकवाल्यांचा जुना रोग आहे.

हे मामाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पण तोड त्यानंच काढली. “बसायचं येकीकडं, धुवायचं दुसरीकडं. लई सोपं हाय.” पेटीच्या शेजारी एक उतरता पाट, पाटाला पत्र्याची पन्हळ, आणि पन्हळ नावेच्या बुडाशी बसवलेल्या एका घागरीत. राख कोरडी, पाणी वेगळं. पत्रेवाल्यानं पन्हळही करून दिली, मात्र या वेळी आधीच विचारून घेतलं की त्यात काय वाहणार.

“आता ठिवायचं कुठं?” मामानं विचारलं. पुढच्या टोकाला तो नारळ फोडतो, तिथं शक्यच नव्हतं. मध्ये औषधं. मागं तो स्वतः वल्हं घेऊन उभा असतो.

“मागंच,” मी म्हणालो.

“आन् उचलनार कोन?”

“मी.”

“रोज?”

“रोज. घागरसुद्धा.”

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “नदीत हात घालून म्हण.”

मी गुडघाभर पाण्यात उतरलो, हात बुडवला आणि म्हटलं. असल्या शपथांवर माझा विश्वास नाही, पण त्याचा होता, आणि नाव त्याची होती.

मागच्या भागाला तीन बाजूंनी तरटाचा पडदा लागला. एवढ्याशा नावेत तरट म्हणजे डोळ्यांपुरती आड; कान उघडेच. त्याचीही सोय मामानं केली. आपानं फळीवर दोनदा टकटक केली की तो बांबू घेऊन पुढच्या टोकाला यायचा, तोंड धारेकडं करायचा आणि मोठमोठ्यानं गवळण म्हणायचा. तिची पुन्हा टकटक होईपर्यंत. त्याचा आवाज फुटक्या ढोलासारखा होता, पण त्या तीन दिवसांत मी त्याला एकदाही थांब म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशीच्या गावात पटकीनं दोन माणसं गेली होती, तरी सुईला कोणी तयार नव्हतं. पुरुष चावडीवर बसून माझं पत्रक ऐकत होते आणि जांभया देत होते. मी पेटी घेऊन काठ चढलो आणि बाभळीखाली खड्डा खणू लागलो. चार बायका आडून बघत होत्या. त्यांतली एक धिटाईनं पुढं आली.

“दादा, त्या पडद्यात बाईमानूस दिवसाढवळ्या बसतं व्हय?”

“हो.”

“आन् कोनाला दिसत नाय?”

“नाय.”

ती मागं वळली, बाकीच्यांशी कुजबुजली. थोड्या वेळानं बघतो तो नावेपाशी सात-आठ बायका. अंधार पडेपर्यंत पोट दाबून बसायची सवय झालेल्या, त्यांतल्या दोघी पोटुशा. आपा नावेच्या काठावर सुई घेऊन बसली होती आणि रस्ता अडवून सांगत होती, “पहिले सुई, मग पडदा. आधी दंड पुढं करा.”

“दुखतं का वो, बाई?”

“मुंगी चावल्यासारखं. दिवसभर दाबून बसण्यापेक्षा कमीच.”

एकजण खळखळून हसली आणि तिनं बाही वर केली. मग रांगच लागली. घरी गेलेल्यांनी आपल्या जावा-नणंदा आणल्या. पुढच्या टोकाला मामाची गवळण संपेना; शेवटी घसा बसला तसा तो नुसत्या टाळ्या वाजवू लागला. त्या दुपारी मी चार खड्डे खणले. चावडीवरचे पुरुष लांबून बघत होते, एकानं नाकाला उपरणं लावलं. मी त्यांच्या समोरूनच पेटी नेली, मुद्दाम.

संध्याकाळी घाटाला लागलो. आपा उतरली, ताठ चालत वर गेली, अर्ध्या पायऱ्यांवर थांबून वळली.

“भाई, पुढच्या खेपेला एक पेटी पुरणार नाही. दोन करून घ्या.”