मॉरिसचं बिऱ्हाड

श्यामसुंदर गवाणकरांच्या घरातल्या सगळ्यांची सोय लागली. ते स्वतः आणि वसुधाकाकू भांडुपच्या एका तिसऱ्या मजल्यावर, कपाट भावाकडे, शिवणयंत्र मेहुणीकडे, तुळस जिन्यातल्या खिडकीत. राहिली ती मॉरिस. मुलुंड पूर्वेची त्यांची चार मजली इमारत पाडून तिथे टॉवर होणार होता. बिल्डर माणसांना भाडं देत होता, पण मोटारीच्या बिऱ्हाडाला भाडं द्यायची रीत या शहरात अजून पडलेली नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत आवार मोकळं करायचं होतं. सोमवारी गेटाला पत्रे, आणि पत्र्यांच्या आत जे राहील ते मलब्यात.

ही मॉरिस मायनर सत्तावन्न सालची. गवाणकरांनी ती कुडाळच्या एका डॉक्टरांच्या परसातून सोडवून आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि डॉक्टरांची अट एवढीच होती की पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायचं. गवाणकर थांबले. औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात आयुष्य काढलेला माणूस, थांबणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मग कितीतरी वर्षं गाडी आवारातल्या बदामाखाली उभी राहिली, आणि कोणी विचारलं की गवाणकर सांगायचे, काम चालू आहे. शेवटी एका दसऱ्याला ती खरोखरच टोलनाक्यापर्यंत गेली आणि परतही आली, तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांनी तिला ओवाळलं. वसुधाकाकूंनी ओवाळलं नाही. सवतीला कोण ओवाळतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या दसऱ्यानंतर गवाणकर उपनगर ब्रिटिश मोटर मंडळात गेले. मंडळाचं नाव मोठं, सभासद सात. गाड्या किती चालतात हे त्या त्या रविवारच्या हवेवर. सकाळी मुलुंडच्या एका उडप्याकडे जमायचं आणि म्हाताऱ्या बायका गुडघ्यांबद्दल बोलतात तसं गिअरबॉक्सबद्दल बोलायचं, हा कार्यक्रम. नव्या सभासदाला चहाच्या आधी एक वाक्य मोठ्याने म्हणावं लागे: 'प्लस बॉडीला.' म्हणजे असं की साऱ्या जगाच्या गाड्यांत बॅटरीची मायनसची तार गाडीच्या अंगाला जोडतात, या जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लसची. उलटी जोडली तर गाडी सुरू होते, चार पावलं चालते आणि मग आतल्या आत जळते. ज्याची चूक होईल त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची, आणि पुढचा कोणी चुकेपर्यंत ऐकून घ्यायचं. हे वाक्य म्हणून घेण्याचं काम गवाणकरांकडे होतं. अध्यक्ष अल्पेश शहा, घाटकोपरचे, ऑस्टिनवाले, त्यांच्याकडूनही गवाणकरांनी ते दोनदा म्हणून घेतलं होतं, कारण पहिल्यांदा आवाज बारीक आला.

तर आता या गुरुजींच्या गाडीला जागा नव्हती. महिनाभर गवाणकर वधूपित्यासारखे हिंडले. भांडुपच्या नव्या सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं की गाडी चालू पाहिजे, आणि चालू असली तरी पार्किंग नाही. दहिसरला भाच्याच्या चाळीसमोर जागा होती, पण भाचा प्रामाणिक निघाला. म्हणाला, मामा, पावसात नदी इथपर्यंत येते, मग गाडी तिथपर्यंत जाईल. साकीनाक्याला एका जुन्या दोस्ताचं लेथचं वर्कशॉप होतं. तो रात्री आत घ्यायला तयार होता, दिवसा मात्र रस्त्यावर. मंडळात पूर्वी नावाची बोरिवलीची मुलगी जुनी हेराल्ड गाडी चालवते, पण ती हेराल्डच दुसऱ्याच्या बिल्डिंगखाली उभी करते आणि तिथल्या वॉचमनच्या मुलीला त्या बदल्यात गणित शिकवते. अल्पेशभाईंनी एक आधार दिला. दहिसर चेकनाक्यापलीकडे त्यांच्या मेहुण्याचं गोदाम दोन महिन्यांनी मोकळं होणार होतं. कोरडं, पक्कं, कुलपाचं. फक्त तोवर गाडी कुठेतरी ठेवायची आणि मग चालवत तिथे न्यायची. मेहुण्याची अट तेवढीच होती, चालती गाडी आण, भंगार नको.

मधले दोन महिने जागा देणारा एकच जण होता, वर्सोव्याचा अनंता. हा कोळी, मंडळाचा सभासद, याची लँडरोव्हर मुंबईत बहुधा एकटीच अशी की जी अजून नोकरी करते. ती होड्या ओढते. तिच्यात बसून आलेला माणूस घरी गेला की मांजर मागे येतं. अनंताने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की घरामागे जागा आहे, आणून लाव. तेव्हा गवाणकर सगळ्यांसमोर हसले होते. मिठात मासे ठेवतात रे, गाडी नाय.

वर्सोव्याची हवा लोखंडाचं काय करते ते त्यांनी त्या लँडरोव्हरच्या पोटाखाली वाकून पाहिलं होतं. तरी आता त्यांनी त्यालाच फोन लावला, आणि अनंतानेही ते वाक्य आठवत असून न आठवल्यासारखं केलं. गवाणकरांना ते टोचलं. अनंताने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणखी एक जण होता. सर्वेश नावाचा अंधेरीचा तरुण. हॉटेलं सजवून द्यायचा. त्याला एका कॅफेच्या भिंतीतून बाहेर येणारी मॉरिस हवी होती. म्हणजे पुढचा अर्धा भाग, पहिल्या दारापर्यंत. दिवे लावलेले, पॉलिश केलेले, एसीत. तो वाईट मुलगा नव्हता. आकडाही चांगला बोलला होता. गाडीकडे पाहताना त्याचे डोळे खरोखर पाणावायचे, फक्त पाणावता पाणावता ते दाराच्या मागे कापायची रेघ ओढत असायचे. गवाणकरांनी त्याला दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा काय म्हणू, याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

रविवारी सकाळी मंडळ गेटाशी हजर झालं. अल्पेशभाई, पूर्वी, आणि लँडरोव्हर घेऊन अनंता. सर्वेशही आला, टेम्पो घेऊन, गेटाबाहेर, वस्तरा लावून उभ्या न्हाव्यासारखा नम्र. आत पत्रे ठोकणारे एक दिवस आधीच येऊन बसले होते आणि वॉचमन दर पाच मिनिटांनी विचारत होता, साहेब, किती वेळ. वसुधाकाकू देव्हाऱ्यातले देव टोपलीत घेऊन खाली आल्या. घर सोडताना देव शेवटी निघतात, आणि देवांसाठी टॅक्सी करायची नाही यावर त्या ठाम होत्या. त्या मागच्या सीटवर बसल्या. पुढच्या डाव्या सीटवर पाने, जॅक आणि पाण्याचा कॅन बसतो, हे पहिल्यापासूनचं.

गवाणकर चार्ज केलेली बॅटरी उराशी धरून जिना उतरले. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना प्रत्येक मजल्यावरची दारं काढून नेलेली, आतली घरं तोंड वासून बसलेली. खाली येऊन त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरी ठेवली, तारा आवळल्या. वॉचमनने पुन्हा विचारलं. त्यांनी स्टार्टरची दांडी ओढली, आणि मॉरिस पहिल्या झटक्यात सुरू झाली. पूर्वीने टाळ्या वाजवल्या. गवाणकरांनी इमारतीकडे वळून पाहिलं नाही. नंतर ते म्हणत, पाहिलं असतं तर निदान मान वळवताना धूर लवकर दिसला असता. हे खोटं आहे, धूर तेव्हा नव्हताच.

हायवेला लागल्यावर बॉनेटखाली बारीक टकटक ऐकू येऊ लागली. गवाणकरांनी ती टॅपेटची, जुन्या इंजिनाची नेहमीचीच, आहे असं ठरवलं. माणूस घाबरलेला असला की प्रत्येक आवाजाला ओळखीचं नाव देतो. कांजूरमार्गच्या वळणावर, पवईकडे चढताना, त्यांना रबर जळल्याचा वास आला, आणि डॅशबोर्डखालून धुराची एक रेघ त्यांच्या गुडघ्यांवर आली. त्यांनी गाडी कडेला घेतली. दार उघडून बघतात तो वसुधाकाकू टोपली घेऊन आधीच फुटपाथवर.

"आदी देव, मगे मी," त्या म्हणाल्या. "तुमची ती मागसून येयत."

अल्पेशभाईंनी पळत येऊन पान्याने बॅटरीची तार उपटली. धूर थांबला. मग त्यांनी बॅटरीकडे पाहिलं. पूर्वीने पाहिलं. अनंताने पाहिलं. मायनस बॉडीला होती. साऱ्या जगाने जोडावी तशी, अगदी व्यवस्थित, घट्ट आवळलेली.

कोणी मिसळीचं नाव काढलं नाही. एरवी या चुकीवर मंडळ वर्षभर जगलं असतं. अल्पेशभाईंनी बॉनेट हळूच खाली टेकवलं, जसं कोणाच्या तोंडावर चादर ओढावी, आणि खिशातून रुमाल काढून हात पुसत राहिले. पूर्वी रस्त्यावरच्या बसेसकडे बघत होती. ही शांतता ऐकून गवाणकरांना नेमकं कळलं की किती जळलंय. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो गेला होता, त्याचा कटआउट चिकटला होता, आणि पुढच्या दिव्यांपासून मागच्या दिव्यांपर्यंतची सगळी वायरिंग, जी त्यांनी एकेक तार करून, एकेका पावसाळ्यात ओवली होती, ती एका गोळ्यात वितळली होती. दोन महिन्यांत ही गाडी स्वतःच्या पायाने कुठल्याच गोदामात जाणार नव्हती. डोळे आता तार ओवायचे राहिले नव्हते. हातांचा तर आत्ताच पुरावा मिळाला होता.

ते कठड्यावर बसले. सर्वेशचा टेम्पो मागे येऊन थांबला होता. तो उतरून आला. त्याने आधी वसुधाकाकूंना पाण्याची बाटली दिली.

"काका, चालत नसली तरी चालेल," मग तो म्हणाला. "मला इंजिन नकोच आहे. तिथे तिला ऊन नाही, पाऊस नाही, खारी हवा नाही. रोज कोणीतरी पुसेल."

गवाणकर हिशेब करत होते, पैशांचा नव्हे. वर्सोव्याला अख्खी गाडी, जी प्रत्येक भरतीला थोडी थोडी खाल्ली जाणार. अंधेरीला अर्धी, जी त्यांच्या मागेही चकचकीत राहणार. त्यांची मान हलायला लागली होती. हो म्हणायच्या आधी हलते तशी.

"आणि मागचं अर्धं?" वसुधाकाकूंनी विचारलं.

"कुठलं, काकी?"

"दाराच्या मागचं. ते खंय ठेवतलात?"

सर्वेश गोंधळला. "ते भंगारात जातं, काकी. त्याचं काय करायचं?"

"मागे मी बसते," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत ही बाई मागच्या सीटवर कुरकुर करायला बसते असंच गवाणकर धरून चालले होते. काकूंनी टोपली गाडीत ठेवली, आत बसल्या आणि दार ओढलं. ते दार एका झटक्यात लागत नाही, थोडं उचलून ओढावं लागतं. त्यांनी उचलून ओढलं.

"दोरी काढा," त्या अनंताला आतूनच म्हणाल्या.

अनंताने होडीची दोरी काढली.

पवई, जोगेश्वरी, तिथून वर्सोवा. गवाणकर मेलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसले होते. हॉर्न नाही, दिवे नाहीत, काही नाही. पुढे लँडरोव्हरचा धूर, मागे आरशात देवांची टोपली. रिक्षावाले वळून वळून पाहत होते. एका सिग्नलला कोणीतरी ओरडून विचारलं की गणपती आत्ता कुठे चाललाय. गवाणकरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. सबंध रस्ता ते काकूंशी एकच वाक्य बोलले. कालच बॅटरी खाली आणली असती तर तारा निवांत बघून जोडल्या असत्या, असं काहीसं. काकू म्हणाल्या, पुढे बघा.

अनंताच्या घरामागची जागा खरोखरच चांगली होती. वर छप्पर, खाली फरशी. पण तिन्ही बाजूंनी वारा, आणि वाऱ्याला चव. गवाणकरांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि त्यांना ती लागली. त्यांनी डिकीतून ग्रीसचा डबा काढला, एक जुना बनियन काढला आणि पुढच्या मडगार्डच्या आतून लावायला बसले. रोज यायचं, भांडुपहून, रोज पुसायचं, रोज लावायचं, असं ते स्वतःशी ठरवत होते. अनंता बाजूला उभा होता.

"किती टिकेल रे?" गवाणकरांनी वर न बघता विचारलं.

अनंताने खोटं बोलायचा विचार केलेला दिसला, पण त्याला जमलं नाही. "मीठ काय घाई करीत नाय, शाम," तो म्हणाला. "पन इसरत पन नाय."

मग तो निघून गेला, कारण होडी यायची वेळ झाली होती. अल्पेशभाई आणि पूर्वी काकूंना आणि देवांना भांडुपला सोडायला गेले. गवाणकर एकटेच ग्रीस लावत राहिले. बनियन संपला तेव्हा हाताने लावू लागले.

थोड्या वेळाने अनंताची आई सखुबाई बोंबलांची पाटी घेऊन आली. परसात बोंबील सुकवायची वलांडी होती, बांबूंवर ताणलेल्या आडव्या दोऱ्या, त्यातला टोकाचा एक बांबू मोडला होता. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, बंपर हाताने हलवून पाहिला, तो हलला नाही. तिला तो पसंत पडला.

"पोरा, हिते दोरी बांदू काय?"

गवाणकरांच्या तोंडात 'नाही' आलं. आयुष्यभर त्या बंपरला कोणी पाय लावला तर ते जेवले नव्हते. त्यांनी सखुबाईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, जे तिचं होतं.

"डाव्या अंगाला बांधा, आजी," ते म्हणाले. "तिथलं क्रोम गेलंच आहे."