मुकी बास गिटार

माझा पुतण्या सांगतो, असल्या जुन्या बास गिटारींना लोक आता लाखांनी पैसे देतात. मुंबईहून एक जण आमची बघायला आला होता. लाकडावरून हात फिरवत बसला, त्याला सोडवेना. देवोत बापडे. आमच्या घरी ती आली तेव्हा तिच्यापायी एका माणसाचा हात गेला, आणि तो माणूस आमच्या घरचा नव्हता.

साठ साल उलटून गेलं होतं. शेती हिवरखेडला, बिऱ्हाड अकोल्यात. माझ्या थोरल्या दिरांचा, म्हणजे भासऱ्यांचा, हात तोंडाआधी चालायचा. बैलांवर, गड्यांवर, भावावरही. माझे यजमान त्यांच्यासमोर उभे राहिले की पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. त्या वर्षी कापूस विकायला यजमानांना पाठवलं आणि ते ही गिटार घेऊन आले. चार बैल आले असते एवढ्या पैशांत!

विकणारा अमरावतीचा, राजापेठेत माझ्या माहेरच्या गल्लीत राहणारा. मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचा. छातीच्या दुखण्याने परतला आणि पोरांना साधी गिटार शिकवून पोट भरायचा. ही बास त्याला कुणा विलायती खलाशाकडून मिळाली होती. "अख्ख्या वऱ्हाडात दुसरी नाही," असं तो म्हणाला आणि यजमान विरघळले. आयुष्यात एक तरी वस्तू अशी हवी होती त्यांना, की जी भावाकडे नाही.

भासरे किमतीवर चिडले नाहीत. "सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार," म्हणाले. "वाजव."

यजमानांनी तार ओढली. पुटपुटल्यासारखं काहीतरी झालं. भासऱ्यांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली. भरीव लाकूड, पोकळी नाही. तारा चारच, साध्या गिटारीला सहा असतात.

"दोन तारा कुठी गेल्या? अन् हे मुकी कावून हाय?"

यजमान पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

आमच्याकडे बैल घेतला की आधी औताला जुंपून बघतात. खोड लपवून विकला असेल तर विकणाऱ्याला भर बाजारात तुडवतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भासऱ्यांना दुसरा कायदा ठाऊकच नव्हता. सकाळीच आम्ही अमरावतीला निघालो. मला माहेरी सोडायचं निमित्त होतं.

गिटारवाल्याला त्यांनी खोलीतून गचांडी धरून ओढत अंगणात आणलं. पहिल्याच थपडेत त्याचा ओठ फुटला.

"मुका माल इकतं काय बे?"

"बासले चारच तारा असते, अन् आवाजाले बिजलीचं यंत्र लागते!" तो यजमानांकडे बोट दाखवत ओरडला. "यायले सांगतलं होतं मी. इचारा यायले!"

भासरे वळले. "सांगतलं होतं यानं?"

यजमानांनी मान हलवली. नाही.

मग काय! लाथा, बुक्के. तो माणूस खोकत खोकत तुळशीपाशी पडला. कुणाच्या तरी उखळाशी मुसळ टेकवलेलं होतं, ते भासऱ्यांनी उचललं आणि त्याच्या डाव्या हातावर घातलं. एकदा नाही. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझे वडील मधे पडले तेव्हा त्यांनाही ढकलून दिलं. यजमान फाटकापाशी उभे होते, पाठ करून.

मी अकोल्याला परतल्यावर काही दिवसांनी मुंबईहून एक खोकं आलं, यजमानांच्या नावावर. आत यंत्र. यजमानांनी वायर जोडली, तार ओढली आणि फळीवरची भांडी हलली. पायाखालची जमीन बोलते आहे असं वाटलं. मला तो आवाज आवडला, हे खरंच सांगते. आणि त्याच क्षणी मनात प्रश्न आला. हे खोकं मागवलं कुणी?

मी यजमानांना स्वयंपाकघरात गाठलं. "तुमाले माहीत होतं?"

"यंत्राचेबी पैसे कापसातून आगाऊ, दादाले न इचारता देल्ले होते. त्यानं मले मारलं असतं."

म्हणून दुसऱ्याला मारू दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी पदर खोचला, बैठकीत गेले आणि भासऱ्यांसमोर सगळं मोठ्याने सांगितलं. त्यांच्यापुढे मी तोंड उघडण्याची ती पहिलीच वेळ.

"खरं हाय?" त्यांनी भावाला विचारलं.

यजमानांनी मान हलवली. या वेळी, हो.

भासऱ्यांनी त्यांना बैठकीतून ओसरीवर आणि ओसरीवरून रस्त्यावर मारत नेलं. सासूबाई माझा दंड धरून गदगदा हलवत होत्या, "अवं, नवरा हाय तुहा, आडव की!" मी जागची हलले नाही. मला दुःख झालं नाही. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भासरे गिटार आणि भावाला घेऊन राजापेठेत गेले. मीही हट्टाने गेले. गिटारवाल्याचा हात फळीला बांधलेला, बोटं वांग्यासारखी काळी-निळी. ती सरळ व्हायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. भासऱ्यांनी टोपी काढून त्याच्या पायाशी ठेवली. त्याने टोपीकडे पाहिलंही नाही.

"गिटार वापस न्या," तो म्हणाला. "माह्या काय कामाची आता?"

मग तो माझ्या यजमानांकडे वळला. त्याचा चेहरा अजून सुजलेला, पण डोळे एकदम लहान पोरासारखे झाले.

"यंत्र आलं ना? मंग सांगा तरी, आवाज कसा निंघाला?"

यजमान तिथेच खाली बसून हमसून हमसून रडायला लागले. आणि मला वाटलं, काल भासऱ्यांनी कमीच मारलं.