चकातलं कुंकू

नरकचतुर्दशीच्या पहाटे बाबा बाथरूममध्ये घसरले. अंगाला तेल, पायाखाली उटण्याचं पाणी आणि वय ब्याऐंशी. हाड मोडलं नाही, पण कुशीवर काळंनिळं झालं आणि मनात भीती बसली ती बसलीच. त्या दिवसापासून त्यांना रोज आंघोळ मी घालू लागलो.

आमच्याकडे कोपर स्टेशनजवळ पाणी सकाळी तासभर येतं, सगळ्यांचं त्यातच उरकावं लागतं. म्हणजे पावणेपाचला उठायचं, बादली भरायची, बाबांना स्टुलावर बसवायचं, पाठ चोळायची, अंग पुसायचं, कपडे घालायचे आणि मग ठाण्याच्या ऑफिसला पळायचं. दीड महिन्यात मी इतका दमलो की टेबलावर फाइल उघडी ठेवून डुलक्या घ्यायला लागलो. बाबा एका शब्दाने काही म्हणत नसत. उभा जन्म कारखान्यात लेथ मशीनसमोर काढलेला माणूस, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचा. साबण डोळ्यात गेला तरी गप्प. त्यांना लाज वाटायची ते मला कळायचं, आणि कळलं नाही असं मी दाखवायचो.

इलाज तसा साधा होता. धरून उभं राहायला भिंतीला स्टीलचा दांडा बसवायचा. ‘तो लागला की माझी आंघोळ मी करीन,’ असं बाबा पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. दांडा मी आणला, पण तो बसवायला माणूस मिळेना. चार भोकांसाठी कोण येतंय? तिघांनी ‘रविवारी येतो’ म्हणून सांगितलं आणि तीन रविवार कोरडे गेले. चौथ्या रविवारी मी वैतागून कपाटातून आमचं चार्जिंगचं ड्रिल मशीन काढलं. सोसायटीच्या फळ्यावर नियम लिहिलेला आहे, रविवारी ठोकाठोक अकरा ते एक. अकराच्या ठोक्याला मी बाथरूममध्ये उभा होतो. बाबांनी दाराबाहेर खुर्ची मांडून घेतली.

टाइल फुटू नये म्हणून चिकटपट्टी लावली, खूण केली आणि बटण दाबलं. टाइल पार झाली. पुढे काँक्रीट लागलं आणि गाडं अडलं. मशीन नुसतं गरगरतंय, आणि बिट, म्हणजे भोक पाडायची सळई, भिंतीत जागच्या जागी उभं. मशीन मागे ओढलं तर ते रिकामंच हातात आलं, बिट भिंतीतच राहिलं. पकडीने उपटून काढलं, परत बसवलं, दात-ओठ खाऊन आवळलं. परत तेच.

“किल्लीने आवळ,” बाहेरून बाबा म्हणाले.

“याला किल्ली नसते, बाबा. हातानेच आवळायचं असतं.”

मशीनचं तोंड, ज्याला चक म्हणतात, त्यात तीन जबडे असतात आणि ते बिटाला तिन्ही बाजूंनी धरतात. बाबांच्या वेळच्या मशीनला ते आवळायला किल्ली असायची, आणि चकाच्या तिन्ही भोकांत ती फिरवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, असा त्यांचा दंडक. कारखान्यातली एक जुनी किल्ली अजून आमच्या स्वयंपाकघरात सुतळीला लटकलेली आहे. तिचा उपयोग शून्य, पण ती काढायची कुणाची हिंमत नाही.

“किल्ली नाही म्हणजे सगळं हाताच्या भरवशावर,” बाबा पुटपुटले आणि स्वतःच्या थरथरणाऱ्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

बारा वाजत आले तरी माझं एक भोक अर्धवटच. पाचव्यांदा बिट सुटलं तेव्हा मी मोबाइलचा टॉर्च चकाच्या तोंडात मारला. आत लालभडक. जबड्यांच्या खाचांत तेल, आणि तेलात कालवलेलं कुंकू.

दसऱ्याला हत्यारांची पूजा आमच्या घरी चुकत नाही. कारखान्यातली ती सवय बाबांनी घरी आणली. हातोडी, पकड, पाने, आईचं शिलाई मशीन, सगळं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. या दसऱ्याला ड्रिलही पाटावर बसलं होतं. त्याच्या तोंडात कुणीतरी शिलाई मशीनचं तेल भरभरून ओतलं होतं आणि वर कुंकवाची चिमूट सोडली होती. बिटाची सगळी पेटीही तेलात बुडालेली. अशा बिटाला जबडे धरणार कसे?

माझं डोकं फिरलं.

“बाबा, तुमच्या तेलाने वाट लागली मशीनची! कशाला सगळ्याला हात लावायला जाता?”

हे मी मोठ्याने बोललो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दीड महिन्याचं जागरण त्यात होतं, हे मला बोलतानाच कळत होतं, पण थांबता येईना.

बाबांनी मान खाली घातली. “असेल,” ते म्हणाले. “चुकलं असेल माझं.”

कामात आपली चूक झाली असं बाबांनी कबूल केलेलं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. साहेबाशी भांडून, माप त्याच्या हाताने घ्यायला लावून स्वतःचं खरं करणारा माणूस. त्या ‘असेल’ने मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी त्यांच्याकडे न बघता चक पुन्हा टॉर्चखाली धरला.

मग त्यांनीच विचारलं, “रॉकेल आहे का घरात?”

रॉकेल कुठलं असणार? बायकोने नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली आणि जुना टूथब्रश आणून दिला. बाबा खुर्चीतून सांगत गेले, मी करत गेलो. जबडे पूर्ण उघड. ब्रशने घास. तोंड खाली करून झटक. बिटाचं मागचं टोक कोरड्या फडक्याने पूस, बोटाला तेल लागता कामा नये. आता बिट तळाला टेकव आणि एक दोरा, म्हणजे जरासंच, मागे घे. हळूहळू मिटव, मिटवताना बिट बोटांनी फिरवत राहा, म्हणजे तिन्ही जबडे सारखे बसतील. कटकट आवाज येईपर्यंत पीळ. जरा चालव. बंद कर. आता परत आवळ.

परत आवळलं तेव्हा चक आणखी पाव फेरा फिरला. मग बिट काँक्रीटमध्ये सरळ घुसलं, ते थेट शेवटपर्यंत. एकाला पाच मिनिटं असताना चौथं भोक पडलं. दांडा बसल्यावर बाबांनी आत येऊन दोन्ही हातांनी तो धरला आणि अंगाचा सगळा भार टाकला.

“हलत नाही,” ते म्हणाले.

जेवून बाबा आडवे झाल्यावर बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, “अहो, एक सांगू? दसऱ्याची पूजा तुम्ही केलेली. बाबांचा हात थरथरत होता ना, म्हणून. तेलाची बाटली तुमच्याच हातात होती.”

आणि मला सगळं आठवलं. ऑफिसचं एक काम डोक्यात होतं, उरकायची घाई होती. थेंब थेंब कोण लावत बसतो म्हणून मी बाटली सरळ पालथी केली होती. बाबा तेव्हा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना झोप लागलीय असंच मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी त्यांच्याशी बोलावं म्हटलं, पण ड्रिल पुसून कपाटात ठेवलं, तेवढंच.

सोमवारी पावणेपाचला सवयीने जाग आली. बाबा बिछान्यात नव्हते. बाथरूमचं दार आतून बंद होतं. दीड महिन्यात प्रथमच त्यांनी आतून कडी लावली होती. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा राहिलो. आत बादलीत तांब्या बुडायचा, पाणी पडायचं, मग बराच वेळ काहीच नाही, की मी दाराला कान लावायचो. मग पुन्हा तांब्या.

कडी निघाली. बाबा पंचा गुंडाळून, एक हात दांड्यावर ठेवून उभे होते. केसांतून पाणी गळत होतं.

“बाबा,” मी म्हटलं, “चकात तेल मी घातलेलं. दसऱ्याला.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “बघत होतो मी.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“दमलेलास रे तू.”

माझ्या हातातला टॉवेल त्यांनी काढून घेतला आणि आपली पाठ आपणच पुसायला लागले.