कंडक्टरमामांनी काढलेले फोटो

नातवंडांनो, अनय, मीरा, आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावात घरासमोर राहणाऱ्या कंडक्टरमामांचा आवाज असा होता, की ते घरात चहा मागायचे आणि आमच्या ओट्यावर कळायचं, साखर कमी हवी आहे. एसटीतून निवृत्त झाले तरी माणसं सांभाळायची सवय सुटली नव्हती. सेनगावला जाणाऱ्या जीपमध्येसुद्धा सगळे बसेपर्यंत ते दार धरून उभे राहायचे.

मोबाइल आल्यावर ही काळजी फोनमध्ये शिरली. आलेला प्रत्येक इशारा ते पुढे पाठवायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दारात जाऊन वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, "मामा, आधी खरं-खोटं बघा." ते म्हणायचे, "अन् खरं निघालं तर, बाई? मागं कुणी राहू न्हाई."

मागच्या वर्षी मी नांदेडला असताना असाच एक इशारा आला. 'एक तारखेपासून तुमच्या कर्जाची माहिती कोणालाही बघता येणार. थांबवायचं असेल तर आधार आणि पॅन कार्डाचे फोटो या नंबरवर पाठवा.' मामांनी गल्लीतल्या बायकांची कार्डं मागून घेतली, फोटो काढले, पाठवले. बायकांच्या फोनवर आलेले ओटीपीही विचारून कळवले. माहिती जपायची म्हणून पाठवली आणि ती नेमकी चोराच्या हातात गेली.

पुढे त्याच बायकांतल्या शेजारच्या शोभाने शेवयांच्या मशीनसाठी कर्ज मागितलं. मी आणि मामा तिच्यासोबत बँकेत गेलो. तिथला साहेब भरल्या रांगेसमोर मोठ्याने म्हणाला, "तुमच्या नावावर मोबाइलवरून घेतलेलं कर्ज थकलंय. मशीन विसरा." रांगेत तिचा दीर उभा होता. माझा असा संताप झाला! पण मामा आधी बोलले, आणि त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी प्रथमच ऐकला. "साहेब, हळू बोला. पोरीची इज्जत हाये ती. थांब्याचं नाव न्हाई पुकारायला."

पोलीस ठाण्यात ते म्हणाले, "फोटो म्या काढले. माझं नाव लिहा." बाहेर आल्यावर शोभा डोळे पुसत म्हणाली, "मामा, तिकिटं वाटायची सोडून तुमी भलतंच वाटून राहिले."

"व्हय," मामा म्हणाले. "आता हे निस्तरल्याबिगर मी उतरत न्हाई."

हिंगोलीला त्यांनी किती चकरा मारल्या! मी इंग्रजीत अर्ज लिहायचे, ते घेऊन जायचे. थंडीत छातीचं दुखणं झालं आणि मामा गेले. शोभाचं नाव तोवर साफ झालं नव्हतं. स्मशानातून परतलेले काही जण आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "म्हाताऱ्यानं गल्ली बुडवली." मी त्यांना उठवलं. फसलेला माणूस ओळखीचा असतो, म्हणून शिव्याही त्यालाच.

गेल्या महिन्यात ते कर्ज शोभाच्या नावावरून निघालं. मशीन आलं. पहिल्या शेवया तिने मामींना नेऊन दिल्या. मामी म्हणाल्या, "हे त्यायला कळायला पाहिजे होतं गं."

काल मी त्या इशाऱ्यातल्या नंबरवर फोन लावला. लागला. पलीकडच्या मुलाने अगदी अदबीने विचारलं, "आजी, आधार कार्ड जवळ आहे ना?"