शिगोशीग माप

आमच्या घरात माप शिगोशीग द्यायची रीत. माझा थोरला भाऊ, अण्णा, भालकीच्या बाजारात तूरडाळ विकायचा. काटा बरोबर आला तरी वरून मूठभर टाकल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. आणि एकदा घातलेलं परत काढायचं नाही, गिऱ्हाइकासमोर तर नाहीच.

दुकान मोडल्यावर तो माझ्या हाताखाली आला. मी फ्रीज-एसी दुरुस्त करतो, आणि मोठ्या सिलेंडरमधून खेड्यातल्या मेकॅनिकांच्या बारक्या टाक्यांत गॅस भरून देतो. पहिल्याच दिवशी त्याला बजावलं, "पाच किलो मावत असला तर चारच भरायचा. आत पातळ गॅस असतो, उन्हानं फुगतो. त्याला जागा लागते."

अण्णा हसला. "पाचाच्या टाकीत चार? ह्याला मापात मारणं म्हणतेत, बाबा."

भर उन्हाळ्यात चिंताकीचा एक मेकॅनिक आला. जुनं गिऱ्हाईक, अण्णाचा लाडका. अण्णानं त्याची टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवली, म्हणजे गॅस भराभर उतरतो, आणि भरतच राहिला. टाकी काट्यावर आली. रिकाम्या टाकीचं वजन वजा केलं, तर आत पुरा पाच किलो गॅस.

"अण्णा, लई झालाय. थोडा काढ."

"कामून? दिलेलं माप माघारी घ्यायलास व्हय? पाहुणा समोर बसलाय!"

मेकॅनिक ओशाळला. "राहू द्या की हो. अण्णांचा हातच मोठा हाय."

मी टाकी काट्यावरून उतरवून दिली. मला शहाण्याला थोरल्या भावाचा परक्यासमोर पाणउतारा नको होता! व्हॉल्व्ह उघडून जादा गॅस काढायला दोन मिनिटं लागली असती. टाकी गाडीच्या मागं बांधून तो उन्हात निघाला.

घरी पोचला, गाडी अंगणात लावून जेवला. मग टाकी सोडायला गेला आणि ती फुटली. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता.

"मी तर भरपूर दिलो होतो रं," अण्णा दिवसभर एवढंच म्हणत राहिला. मला त्याचं तोंड बघवेना, आणि माझं कुणाला दाखववेना.

चार दिवसांनी आम्ही चिंताकीला गेलो. त्याच्या बायकोनं रीतीप्रमाणं पाणी दिलं. म्हणाली, "जेवताना खूश होते. अण्णांनी आज भरून दिलेत म्हणले." अण्णा तिथंच भुईवर बसून हुंदके द्यायला लागला.

मग ती माझ्याकडं वळली. "तुम्ही तर जाणते हाव. कामून फुटली हो टाकी?"

खरं तोंडाशी आलं होतं. अण्णानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"जुनी होती, अक्का," मी म्हणालो. "गंजली होती आतून."

टाकी नवी होती. आदल्याच हिवाळ्यात मीच त्याला निवडून दिली होती.