वस्तीचा ढीग

सावकारांनी खोकं हातात दिलं नाही. चपलेच्या टोकानं ओट्याच्या कडेला सरकवलं आणि म्हणाले, "घे की गं. तुमच्यात कोन तारीख वाचतंय?"

दुकानात सात-आठ जण होते. सगळे माझ्यासारखेच खेड्यातले किराणा दुकानदार, गुरुवारी माल भरायला हुमनाबादला आलेले. दोघं-तिघं हसले. राजेश्वर गावचा एक जण हसला नाही, त्यानं मान खाली घातली. हसणाऱ्यांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

मी तारीख वाचली होती. म्हणून तर खोकं परत ठेवलं होतं. लहान लेकरांना पाण्यात कालवून देतात त्या पावडरीचे डबे होते. डब्याच्या बुडाची तारीख कुणीतरी रॉकेलच्या बोळ्यानं पुसली होती, पण महिना आणि वर्ष पुसट दिसत राहिले होते. मुदत संपून पाच महिने झाले होते.

तरी मी खोकं उचललं. हे आधीच सांगते. पुढचं ऐकताना माझी दया यायला नको.

मी बिदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडची. बौद्ध वस्तीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं किराणा दुकान आहे. दहावी झाले आहे, मराठी शाळेतून. कन्नड बोलता येतं, वाचताही येतं. नवरा हुमनाबादच्या कारखान्यात पाळीवर जातो, लेक तिसरीत आहे. नऊ वर्षं मी माल ह्याच सावकारांकडून आणत होते. आमच्याकडे मोठ्या ठोक दुकानदाराला सावकारच म्हणतात, मग तो व्याजानं पैसे देवो न देवो.

ठोक दुकानात माल घ्यायची एक रीत असते. दुकानदार गोदामात जातो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळची डाळ वर काढतो, दोन दाणे दाताखाली धरतो. बिस्किटाचं खोकं फोडून पुडा उलटा करून बघतो. पटलं तर घेतो, नाही तर नको म्हणतो. त्यात कुणाला राग येत नाही. दुकान ज्याचं, फळीवर काय ठेवायचं ते त्यानं ठरवायचं.

ही रीत सगळ्यांना होती. वस्त्यांतून येणाऱ्या आम्हा चार-पाच दुकानदारांना नव्हती. आम्ही ओट्याखाली उभं राहायचं आणि यादी वर द्यायची. हमाल आतून जे आणील ते पिशवीत भरायचं. पहिल्या वर्षी मी न कळून आत गेले आणि तुरीच्या डाळीच्या पोत्यात हात घातला. सावकार गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. "हात काढ. तुझा लागला तर दुसरे लोक घेत न्हाईत," म्हणाले, आणि हमालाला ते पोतं बाजूला काढायला लावलं. मी हात काढला. पदराला पुसला. कशाला पुसला, काय लागलं होतं हाताला, हे मला आजही सांगता येत नाही.

दुकानाच्या डाव्या कोपऱ्यात एक ढीग असायचा. बाजारपेठेतल्या दुकानांतून परत आलेला माल. मऊ पडलेली बिस्किटं, चेपलेले डबे, तारीख उलटलेल्या शेवया. हमाल त्याला वस्तीचा ढीग म्हणायचे. आमच्या तोंडावर म्हणायचे. त्या ढिगातली दोन खोकी उचलल्याशिवाय आम्हाला साखर नाही, तेल नाही. पावती तर कधीच नाही. चिठ्ठीच्या कपट्यावर आकडा, संपलं.

आणि मी काय करत होते? ऐका. घरी आल्यावर पुडे फळीवर लावताना तारखेची बाजू भिंतीकडे करत होते. कुणी विचारलंच तर "आत्ताच आनलंय" म्हणत होते. वस्तीत वाचणारी पोरं होती, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या आणि कामावरून दमून आलेल्या बायका. तारीख कोण वाचतंय हे सावकारांचं बोलणं खरं करून दाखवत होते मी, रोज, गोड बोलून.

ते डबे आणल्यावर पंधरा दिवसांनी गुणामावशी आली. आमच्यापासून तिसरं घर तिचं. लेक बाळंतपणाला आलेली, अंगावर दूध कमी, बाळ सहा-सात महिन्यांचं झालेलं. मावशी म्हणाली, "पोरी, पावडरीचा डबा दे. चांगला हाय नव्हं?"

"चांगला हाय, मावशी."

मी हे म्हणाले. डबा फडक्यानं पुसूनही दिला.

तीन दिवसांनी बाळाला उलट्या सुरू झाल्या. जुलाब. हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यात पाच दिवस सलाईनवर होतं. वाचलं. डब्यानंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण डबा बघून असला डबा लेकराला देतात का, असं म्हणाले. एवढ्यावर मला सुटता येत होतं. पाणी खराब असेल, बाटली नीट धुतली नसेल. मनातल्या मनात मी तसं दोनदा म्हणूनही बघितलं.

मावशी डबा घेऊन दुकानात आली. मला वाटलं होतं शिव्या देईल, वस्ती गोळा करील. मी तयारीत होते. तिनं डबा समोर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "डाक्टरनी तारीख इचारली. मला कुठं येतंय वाचाया? मी म्हनलं, आमची पोरगी शिकल्याली हाय, वाचूनच देतीय."

मी डबा माझ्याकडे ओढून घेतला.

"एक सांग," ती म्हणाली. "तुझ्या लेकीला तू कोनत्या दुकानातलं देतीस?"

माझ्या लेकीची बिस्किटं मी गावच्या पेठेतल्या दुकानातून आणत होते. तिचं दूध, तिच्या शेवया, सगळं. आजवर माझ्या दुकानातला एक पुडा मी तिच्या हातात दिला नव्हता. हे मावशीला कसं कळलं माहीत नाही. कदाचित सगळ्या वस्तीलाच माहीत असेल. ती डबा तिथंच ठेवून निघून गेली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, पोत्यातून हात काढतानाही नाही. तिथं मला कुणीतरी हलकं समजत होतं. इथं मीच माझ्या माणसांना हलकं समजले होते, आणि तेही शिकून.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सगळेच करायलेत. तू एकलीनं सोडून काय व्हनार?" वाईट माणूस नाही तो. त्याला दुकान चालायला हवं होतं, इतकंच.

पुढच्या गुरुवारी हुमनाबादला गेले आणि चपला काढून सरळ ओट्यावर चढले. सावकारांनी चष्म्यावरून बघितलं.

"वर कामून आलीस?"

"माल बघून घ्यायचाय."

"यादी दे. हमाल आनतोय."

"दुकान माझं हाय, सावकार. काय ठिवायचं ते मी ठरविनार. ढिगातलं एक खोकं बी नेनार न्हाई. आनि पावती लागती."

ते हसले. मग हसायचं थांबले. "मंग साखर न्हाई. तेल न्हाई. काईच न्हाई तुला."

"न्हाई तर न्हाई."

हमालानं सवयीनं दोन खोकी माझ्या पायाशी आणून ठेवली होती. ती तिथंच ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन बस धरली.

दुसऱ्या ठोक दुकानांत गेले. दोघांनी तोंडावर सांगितलं, सावकारांचा निरोप आहे. आता बसवकल्याणहून बसनं थोडं थोडं आणते. मीठ, साबण, चहापत्ती, दोन प्रकारची डाळ. पुड्यांची तारखेची बाजू पुढे ठेवते आणि देताना मोठ्यानं वाचते. लोक वैतागतात. "साखर न्हाई अन् तारखा वाचायलीस व्हय?" असं एक जण म्हणालाच. बरेच जण पेठेत जायला लागले. गुणामावशी तर दुकानाची पायरी चढत नाही. रस्त्यात भेटली तर बाजूनं जाते. मी तिला थांबवत नाही.

मागच्या आठवड्यात सावकारांचा मुनीम गाडीवर आला. खाली न उतरताच म्हणाला, "सावकार म्हनलेत, अक्काला आत येऊ द्या, तिच्या हातानं माल घेऊ द्या. तू तेवढं दुसऱ्यांना काई बोलू नको."

नऊ वर्षांत पहिल्यांदा अक्का.

"आनि ढीग?"

"ढीग ऱ्हातोय की. बाकीचे न्यायलेत. तुला काय करायचंय त्याचं?"

मोह झाला. भरलेली फळी डोळ्यांसमोर आली. मग चिटगुप्प्याच्या, घाटबोराळच्या वस्त्यांतली दुकानं आली, जिथं माझ्यासारखीच कुणीतरी बाई डबा पुसून देत असेल. मी मुनीमाला म्हणाले, "मी एकली आत येनार न्हाई." त्यानं गाडी वळवली.

काल बिदरला एका वकीलबाईंना भेटले. सावकारावर तक्रार करायची म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ग्राहक कोर्टात तक्रार गिऱ्हाईकानं करायची असते, म्हणजे गुणामावशीनं. आणि डबा ज्यानं विकला त्याच्यावर आधी, मग ज्यानं त्याला पुरवला त्याच्यावर. म्हणजे पहिलं नाव माझंच. त्यांनी दोनदा विचारलं, कळलं ना? कळलं.

अर्ज मी रात्री बसून लिहिला, कन्नडात. तक्रारदार गुणामावशी. विरुद्ध, एक, मी. विरुद्ध, दोन, सावकार. डबा अजून माझ्याकडेच आहे, तो सोबत जोडायचा आहे. उद्या सकाळी मावशीच्या दारात जाऊन सगळा अर्ज तिला वाचून दाखवणार आहे, एक ओळ न गाळता. तिनं अंगठा दिला तर बिदरला दोघी जाऊ. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं तर परवा पुन्हा जाईन.

दंड झाला तर भरेन. दुकानाला कुलूप लावायला लावलं तर लावेन. पण त्याआधी कोर्टात उभी राहून विचारतील त्या सगळ्याला हो म्हणणार आहे. हो, तारीख मी वाचली होती. हो, तरी विकला. आणि तो डबा कुणी दिला, कुठल्या कोपऱ्यातून दिला, तो कोपरा कुणासाठी राखून ठेवलाय, हे सावकारांच्या समोर, त्यांचं नाव घेऊन सांगणार आहे.