चौदाव्या मजल्यावर वाजणारा फोन

आमच्या हॉटेलात 'तू कुठची?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो आणि माझ्या हाताखालची ती दहाही वेळा फक्त आपल्या देशाचं नाव सांगायची. आपण रोमा आहोत हे तिने मला सहा महिन्यांनी सांगितलं, तेही चादरी-टॉवेलांच्या लिननरूमचं दार लोटून घेऊन. युरोपभर विखुरलेली ही माणसं फार पूर्वी हिंदुस्थानातूनच तिकडे गेली म्हणतात. मी म्हटलं, "मग लपवतेस काय? आमचीच निघालीस की." ती हसली नाही. तिच्या गावात त्यांच्या जातीचं नाव शिवीसारखं वापरतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझी जीभ अशी नेहमी आधी धावते.

मी वसईची. दुबई मरीनातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे, आणि मुलींना शिस्त लावण्यात माझा हात धरणारं इथे कुणी नाही. ती माझ्या हाताखाली खोल्या करायची. तिची सात वर्षांची मुलगी गावी आजीपाशी असायची. त्या गावात रोमा लोकांसाठी काम करणारी एक छोटी संस्था होती. चार-पाच माणसं; संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायची, रविवारी त्यांना त्यांच्याच भाषेतली गाणी शिकवायची आणि कुणाचा कागद अडला की सरकारी कचेरीत सोबत जायची. तिथल्या मुलांसाठी ही दर शुक्रवारी एक गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून पाठवी. टॉवेलांच्या ढिगात बसून बोलायची, कारण तिथे आवाज घुमत नाही. मला त्यातलं अक्षर कळत नसे, तरी मी लिस्ट भरायचं सोडून ऐकत बसायचे.

एके दिवशी संस्थेतल्या बाईंचा निरोप आला. शाळेने मुलीची परीक्षा घेतली होती आणि तिला मंदबुद्धी मुलांच्या वेगळ्या शाळेत घालायचं चाललं होतं. परीक्षा तिथल्या सरकारी भाषेत झाली. मुलगी घरी रोमानी बोलते. प्रश्नच कळेनात म्हणून पोर गप्प बसली.

"मी त्याच शाळेतून आलेय, मॅडम," ती म्हणाली. "तिथून पुढे कुठेच जाता येत नाही."

निर्णय एका मीटिंगमध्ये व्हायचा होता. आईने नाही म्हटलं तर मुलगी आहे त्याच शाळेत राहणार होती. आई काहीच बोलली नाही तर सांभाळणाऱ्या आजीची सही पुरेशी होती. हिला रजा मिळाली नाही. व्हिडिओ कॉल दुबईतून बंदीमुळे लागत नाही आणि साध्या फोनवरचं बोलणं नोंदीत ठेवता येत नाही, असं तिकडच्या अधिकाऱ्याचं म्हणणं. शेवटी व्हॉइस नोट चालेल असं ठरलं. ती आदल्या दिवशीच 'नाही' पाठवून देणार होती, पण अहवाल वाचून झाल्यावर विचारू, तेव्हाचंच उत्तर धरू, असं कळवण्यात आलं. संस्थेच्या बाईंना आजीसोबत बसायची परवानगी होती, आईच्या वतीने बोलायची नव्हती.

मीटिंगची वेळ आमच्याकडची दुपारची एक. बारा वाजता जुने गेस्ट जातात, तीनला नवे येतात. आमच्या धंद्यात याहून वाईट वेळ नाही. ड्यूटीवर मोबाइल ठेवायला बंदी असताना मी तिला तो घेऊन लिननरूममध्ये बसवलं आणि स्वतःवर खूश झाले.

सुरुवातीच्या विचारपूशीला उत्तर म्हणून तिने दोन व्हॉइस नोट पाठवल्या. मग बाईंनी कळवलं की साहेब लोक अर्धा तास कॉफीला गेलेत. तेवढ्यात ड्यूटी मॅनेजरचा फोन आला. "फोर्टीन-झीरो-सिक्सचा गेस्ट लॉबीत उभा आहे. यल्ला, मॅडम, क्विकली रूम पाहिजे."

बाकीच्या मुली अडकलेल्या होत्या. मी तिला म्हटलं, "जा तू. पंधरा मिनिटांचं काम. मोबाइल मी धरून बसते."

"त्यांनी मधेच विचारलं तर?"

"मी आहे ना इथे?" माझा आवाज चढला. मला त्या क्षणी खोलीची काळजी होती, मुलीची नव्हती.

ती गेली आणि पाच मिनिटांत नोट आली. बाईंचा आवाज, अकरा सेकंद, सगळं त्या भाषेत. पाठोपाठ दुसरी, आवाज घाईचा. मी १४०६ला फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना लक्षात आलं की ती उचलणारच नाही. गेस्टच्या खोलीतला फोन कधीही उचलायचा नाही, हे पहिल्या दिवशी मीच शिकवते, आणि तिला तर दोनदा बजावलं होतं.

मी पळाले. सर्व्हिस लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबत होती. गेस्टची लिफ्ट समोर रिकामी होती, पण स्टाफने ती वापरायची नसते, आणि मी तेव्हासुद्धा वापरली नाही.

वर ती चादरीचा कोपरा दुमडत होती. "फोन वाजत होता, मॅडम," ती म्हणाली. "मी उचलला नाही."

मी मोबाइल पुढे केला. तोवर तिसरी नोटही आली होती. तिन्ही तिने उभ्यानेच ऐकल्या आणि मला एकेक सांगितली. पहिलीत, अहवाल वाचून झाला, तुला मान्य आहे का? दुसरीत, लवकर बोल, ते थांबायला तयार नाहीत. तिसरीत, तुझ्या आईने सही केली, साहेब चिडतील म्हणून घाबरली. तिने तरीही बटण दाबलं आणि एकच शब्द पाठवला. "ना." तिच्या भाषेतला तेवढा मला कळला.

मला स्वतःचा इतका संताप आला की तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी मी तिकडच्या कचेरीला पत्र लिहिलं, की ती माझ्या हुकमावरून कामाला गेली होती. एचआरने लेटरहेड द्यायला नकार दिला. मी साध्या कागदावर सही केली, तर तिकडच्या कचेरीने शिक्का नाही म्हणून तो कागद बाजूला ठेवला. संस्थेच्या बाई अजून खेटे घालताहेत. पुढच्या वर्षी फेरपरीक्षा मागता येईल म्हणतात.

गेल्या आठवड्यात मुलीचीच नोट आली. पोर भरभर बोलत होती, मधे हसत होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, नवी शाळा छान आहे. कुणी ओरडत नाही. सगळं तिला येतं." तिने मोबाइल लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावलं. "ती खूश आहे, मॅडम. याला आता मी काय करू?"